आठव्या बाकावरची कविता

समजा, तुम्हाला एक कविता करायची आहे. कागद नाही, पेन नाही. तुम्ही पत्र्याच्या एका लांबट शेडमध्ये उभे आहात आणि तुमच्या दोन्ही बाजूंना चार-चार अशी आठ लूम चालू आहेत. प्रत्येक लूमचा धोटा मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा या टोकाहून त्या टोकाला आपटतो आहे. शेजारच्या माणसानं कानाशी तोंड आणून बोंब मारली, तरी तुम्हाला फक्त त्याच्या तंबाखूचा वास येईल. कुठलाही धागा कधीही तुटेल आणि तो जोडायला तुम्हाला पळावं लागेल. हे सकाळी सात ते संध्याकाळी सात. आणि सातला बाहेर पडताना कविता डोक्यात पुरी पाहिजे, एक ओळ सांडलेली चालणार नाही.

करून बघा. पहिल्या दिवशी दोन ओळीसुद्धा हाती लागणार नाहीत.

सुपडूसरांनी हे काम सदतीस वर्षं केलं. तेव्हा ते सर नव्हते, नुसते सुपडू होते. सुपडू देवचंद माळी, एरंडोलकडचे. आधीची दोन पोरं दगावली होती, म्हणून जन्मल्याबरोबर आईनं सुपात घातलं आणि नाव पडलं सुपडू. अठराव्या वर्षी चुलत्याच्या मागे सुरतेला आले आणि लिंबायतच्या एका खात्यात लागले. खातं म्हणजे लूमचा कारखाना. सुरतेत कारखाना म्हणत नाहीत, खातंच म्हणतात.

गावच्या शाळेत मराठीच्या गुरुजींनी त्यांना कवितेचं वेड लावून दिलं होतं. खात्यात ते वेड कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. खोलीवर नऊजण, दिवा एक. मग त्यांनी युक्ती काढली. पहिली ओळ पहिल्या लूमवर ठेवायची, दुसरी दुसऱ्यावर. फेरी मारताना लूम दिसली की तिच्यावरची ओळ आपोआप ओठावर येते. धागा तुटला, तो जोडला, तरी ओळ जागच्या जागी. आठ लूम म्हणून आठ ओळी. त्यांची एकही कविता आठ ओळींच्या पुढे गेली नाही याचं कारण हे एवढंच. पुढे एका समीक्षकानं त्यांच्या 'संयत अल्पाक्षरीपणा'बद्दल लिहिलं, तेव्हा सरांनी शोभाबाईंना, म्हणजे बायकोला, ते वाचून दाखवलं. शोभाबाई म्हणाल्या, "मालकानं बारा लूम दिल्या असत्या तर मोठे कवी झाले असते तुम्ही."

ताणा माझा, बाणा त्यांचा, कापड कुणाचं?
धागा तुटे तिथे बोट, बोट कुणाचं?

या त्यांच्या दोन ओळी लिंबायतच्या गणपतीत लोकांनी दोनदा म्हणायला लावल्या होत्या. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर सहा कविता आल्या. धुळ्याच्या एका संमेलनात दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात, अर्ध्या रिकाम्या मांडवात, त्यांनी तीन कविता म्हटल्या आणि त्यांना शाल मिळाली. 'सात ते सात' नावाचं पुस्तक निघालं. त्याच्या प्रती अजून पलंगाखाली आहेत. शोभाबाई झाडू मारताना तो खोका पायानं सरकवतात आणि मग खोक्याला हात लावून तो कपाळाला लावतात. सरस्वतीला पाय लागला म्हणून.

कवी म्हणून सुपडूसरांची कारकीर्द ती एवढीच. ते गप्प बसले असते तर चाललं असतं. पण खात्यातून बाहेर पडल्यावर लिंबायतच्या मराठी मंडळानं विचारलं, पोरांना कविता शिकवाल का, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपल्याजवळ कुणाला देण्यासारखं काहीतरी आहे.

वर्ग दर रविवारी, दहा ते बारा, मंडळाच्या हॉलमध्ये. बंद पडलेल्या एका मराठी शाळेतून मंडळानं आठ लाकडी बाक आणले होते. सरांनी ते मोजले आणि मान हलवली. बरोबर आठ. चार उजवीकडे, चार डावीकडे, मधे चालायला वाट.

वर्गाचा नियम एकच: कागद नाही. ज्याला कविता म्हणायची त्यानं पहिल्या बाकापासून निघायचं, प्रत्येक बाकावर हात ठेवून एक ओळ म्हणायची, आठव्याशी थांबायचं. पोरांना आधी हसू यायचं, नंतर मजा वाटायची. आणि कविता संपली की सर म्हणायचे, "ठेवली मी." म्हणजे ती कविता आता सरांच्या डोक्यात जमा. पोरगा विसरला तर महिन्यानं, वर्षानं येऊन मागायची. सर वाटेवरून चालत जाऊन बाकाबाकावरची ओळ उचलून परत द्यायचे. एकदा तीन वर्षांनी एक मुलगी लग्नाची पत्रिका द्यायला आली आणि तिनं सहज विचारलं. सरांनी तिची कविता आठही ओळींसकट तिच्या हातावर ठेवली. ती मुलगी रडली. ही गोष्ट सगळ्या लिंबायतमध्ये पसरली.

आता जे सांगायचं ते सरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सदतीस वर्षं आठ लूममधे उभ्या राहिलेल्या माणसाचे कान राहत नाहीत. हे खात्यात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर तिथे सगळे ओठांवरून बोलणं वाचतात. सरांनाही ते येत होतं, इतकं छान येत होतं की कान कधी गेले ते त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली. मग एका रविवारी एक मुलगा बाकांवरून चालत गेला, आणि सरांच्या लक्षात आलं की त्याचं तोंड भिंतीकडे होतं तेवढा वेळ त्याची कविता नव्हतीच.

त्यांनी मशीन घेतलं. ते कानात घातल्यावर हॉलचे तीन पंखे आठ लूमसारखे वाजायला लागले. आठवड्याभरात ते मशीन शोभाबाईंच्या मसाल्याच्या डब्यात, लवंगांच्या वाटीत जाऊन पडलं.

"तुम्हले ऐकू येत नही, हाई आखी गल्लीले माहीत शे," शोभाबाई अहिराणीत म्हणायच्या, तोंड समोर आणून, एकेक अक्षर मोठं करून. "फक्त तुम्हलेच माहीत नही."

"मला सगळं कळतं."

"काय कळस? सांगा बरं, आता मी काय बोलनू?" आणि त्या पाठ फिरवून काहीतरी बोलायच्या, आणि परत वळून कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. सर वर्तमानपत्र उघडायचे.

कारण कबूल केलं तर वर्ग गेला. मंडळाचे अध्यक्ष भूपेंद्रभाई आधीच म्हणत होते, "मास्तर, हवे कोण कविता करे छे? पोरांना आता कॉम्प्युटर पाहिजे." ते पण खानदेशीच, पण पर्वत पाटियाला साड्यांचं दुकान टाकल्यापासून अर्धे गुजराती झालेले. बहिरा मास्तर कविता शिकवतो म्हटल्यावर त्यांना निमित्तच मिळालं असतं. म्हणून सरांनी दुसरी युक्ती काढली. पोरं समोर असली की ओठ वाचायचे. पाठ फिरली की डोळे मिटून मान डोलवायची. आणि शेवटी म्हणायचं, "वा. छान. ठेवली मी."

सोनाली वर्गात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. तिची आई मंदाबाई घरी साड्यांचं धागा कटिंग करायची. एम्ब्रॉयडरीच्या साडीच्या उलट्या बाजूला जे धागे लोंबत राहतात, ते कापायचे. सोनाली बारावी करता करता आईला हातभार लावायची. मुलगी बोलायची कमी. पण तिसऱ्याच रविवारी तिनं दोन बाकांवर हात ठेवून म्हटलं:

चार भाषा बोलते मी, चारही उसन्या;
रडू येतं तेव्हा कुणाची मागू?

आणि ती थांबली. म्हणाली, "सर, पुढच्या सहा बाकांवर काही नाही."

सरांनी ते ओठांवरून वाचलं होतं, एकेक अक्षर. ते उठून रिकाम्या तिसऱ्या बाकापाशी गेले. मग म्हणाले, "नको ठेवूस. पुरे आहे." त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी शोभाबाईंना त्या ओळी म्हणून दाखवल्या, आणि शोभाबाईंनी भाजी ढवळणं थांबवलं. नवऱ्याच्या कवितेला त्यांनी तसं कधी थांबवलं नव्हतं. सरांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट त्यांना वाटलं, सदतीस वर्षं आपण फेऱ्या मारल्या त्या हिच्यासाठी.

दोन वर्षं सोनाली दर रविवारी आली. ती पहिल्या बाकाशी, सरांच्या अगदी समोर बसायची. तिच्या एकूण एकतीस कविता सरांच्या डोक्यात जमा झाल्या. ती विसरली की मागायची, सर द्यायचे. कधी चुकले नाहीत, कारण तिचे ओठ त्यांना पाठ झाले होते आणि ती कविता म्हणताना नेहमी त्यांच्याकडे बघत चालायची. उलटी चालायची ती, पाठीमागे हात करून बाक चाचपत.

फक्त एका रविवारी तशी चालली नाही.

मार्गशीर्षातला रविवार होता. वर्गात चारच पोरं होती. सोनाली उशिरा आली, बसली नाही. म्हणाली, "सर, मी म्हणू?" आणि पहिल्या बाकाशी जाऊन उभी राहिली. मग ती निघाली. सरांकडे पाठ करून, मान खाली घालून, सरळ चालत. एका बाकावर हात ठेवला, थांबली. दुसऱ्यावर ठेवला. सरांना तिची वेणी दिसत होती आणि खांदे दिसत होते. पाचव्या बाकावर ती खूप वेळ थांबली. आठव्या बाकावर तिनं दोन्ही हात ठेवले.

सर उठून पुढे जाऊ शकले असते. तिच्या समोर जाऊन उभे राहू शकले असते. "परत म्हण, माझ्याकडे बघून म्हण," एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण मागे खुर्चीवर भूपेंद्रभाई बसले होते. हॉल बघायला आले होते, कॉम्प्युटरची टेबलं कुठे लावायची ते.

सोनाली वळली. तिचे ओठ हलले. "काय वाटतं, सर?" एवढं सरांनी वाचलं.

"वा," सर म्हणाले. "छान. ठेवली मी."

सोनालीनं त्यांच्याकडे बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं. मग मान हलवली, चप्पल घातली आणि गेली. महिन्याभरात तिचं लग्न झालं. कडोदऱ्याला दिली. लग्नात सरांनी आहेर म्हणून 'सात ते सात'ची प्रत दिली, आणि नवरदेवानं ती दोन्ही हातांनी घेऊन शेजारच्या मित्राकडे दिली.

दीड वर्ष गेलं. एके दिवशी शोभाबाई बाजारातून आल्या, पिशवी खाली ठेवली आणि सरांच्या समोर येऊन बसल्या.

"मंदाबाई भेटनी. सोनालीनं बोलणंच बंद झायं म्हणे. हो नाही एवढंच. पण मागला सणले माहेरी आली ना, तर एकच गोष्ट इचारी: मनी शेवटची कविता सरजवळ शे ना?"

"आहे ना," सर म्हणाले. बोलून गेले.

"मंग देई या तिले. ती भुली गई."

तो दिवस सरांनी घरात काढला. दुसऱ्या दिवशी सकाळीच हॉलवर गेले. रविवार नव्हता, हॉल रिकामा होता. ते पहिल्या बाकाशी उभे राहिले आणि हात ठेवला. वेणी दिसली. दुसऱ्या बाकावर हात ठेवला. वेणी दिसली. आठही बाकांवर त्यांनी हात ठेवला, आणि प्रत्येक बाकावर वेणी होती आणि खांदे होते. ओळ नव्हती.

मग त्यांना आठवलं, त्या दिवशी वर्गात योगेश होता. योगेश आता रिक्षा चालवतो. स्टँडवर सापडला.

"सोनालीची शेवटची कविता? मला काय माहीत, सर. मी मोबाइल बघत होतो."

"एखादी ओळ तरी आठवेल, बघ ना."

"तुम्ही होता ना ऐकायला." योगेश हसला, आणि मग त्याचं हसू बंद झालं. तो रिक्षातून खाली उतरला. सरांच्या अगदी समोर उभा राहून, हळू, ओठ मोठे करून बोलला. त्यावरूनच सरांना कळलं की याला माहीत आहे. "सर, राग मानू नका. आम्हाला ठाऊक होतं. एकदा मी आठ बाकांवर रिक्षाचे आठ स्टॉप ठेवले होते. लिंबायत, पर्वत पाटिया, असे करत करत. तुम्ही डोळे मिटले होते. म्हणालात, वा, छान, ठेवली मी."

सरांनी रिक्षाच्या दांड्यावर हात ठेवला.

"सगळेच करायचे. विकासनं तर मॅचचा स्कोअर ठेवला होता. गंमत म्हणून हो. पोरं होतो."

"सोनाली पण?"

"नाही नाही. ती नाही. आम्ही तिला सांगितलं होतं, सरांना ऐकू येत नाही. भांडली आमच्याशी. म्हणाली, माझ्या सगळ्या कविता सरांना पाठ आहेत, बहिऱ्या माणसाला कशा असतील?"

एका रिक्षावाल्यानं मागून हॉर्न वाजवला असावा, कारण योगेशनं मागे वळून त्याला शिवी दिली. सरांना शिवी वाचता आली.

कडोदऱ्याला जायला त्यांनी आठ दिवस लावले. त्या आठ दिवसांत त्यांनी एक काम केलं, आणि त्याची त्यांना आजही लाज वाटते. त्यांनी सोनालीची कविता स्वतः तयार केली. नाहीतरी दुसरं काय करणार होते? आठ ओळी. तिची पद्धत त्यांना माहीत होती, तिचे शब्द माहीत होते. एकतीस कविता पाठ असलेल्या माणसाला बत्तिसावी बांधता येऊ नये? स्वयंपाकघरापासून दारापर्यंत फेऱ्या मारून त्यांनी ती बांधली. चांगली झाली होती. त्यांच्या स्वतःच्या कवितांपेक्षा चांगली झाली होती.

सोनाली एका चाळीतल्या खालच्या खोलीत साड्यांच्या ढिगाशी बसली होती. लग्न होऊनही काम तेच, धागा कटिंग. जागा तेवढी बदलली. नवरा मिलमध्ये गेलेला. सासू मालतीबाई मोकळ्या स्वभावाच्या, पाहुणा बघून खूश झालेल्या.

"या, या मास्तर! आमच्या सुनेला शिकवायचे ना तुम्ही? काय शिकवायचे? कविता? अगं मग म्हण ना एखादी, आम्ही पण ऐकतो! टीव्हीवर लागतं तसं!"

"येत नाही मला," सोनाली म्हणाली. कात्री चालूच होती.

"लाजते. चहा टाकते हं," म्हणून मालतीबाई पडद्यामागे गेल्या.

सोनालीनं कात्री खाली ठेवली आणि सरांकडे बघितलं. चेहरा भरला होता, पण डोळ्यांखाली काळं होतं. तिनं हात पुढे केला, तळवा वर करून. वर्गात मागायची तसा.

"द्या, सर."

सरांनी घसा साफ केला. इथे बाक नव्हते. त्यांनी गुडघ्यावर बोट ठेवलं आणि म्हणायला लागले.

उलट्या बाजूचे धागे कापते मी,
सुलट्या बाजूचं फूल कुणाला...

तिसऱ्या ओळीला सोनालीनं हात मागे घेतला. चौथ्या ओळीला कात्री उचलली. सरांनी आठही ओळी म्हटल्या, कारण मधे थांबायचं कसं ते त्यांना कळेना.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ही तुमची आहे, सर."

"सोनाली..."

"माझ्या कवितेत धागे नव्हते. दिवसभर तेच कापायचं आणि रविवारी पण तेच म्हणायचं होय?" ती हसली. सरांनी दीड वर्षांनी तिला हसताना बघितलं, आणि ते हसू बघवेना.

मग त्यांनी सांगितलं. आठ-नऊ वर्षांपासून ऐकू येत नाही. ओठ वाचतो. त्या दिवशी तुझी पाठ होती. भूपेंद्रभाई मागे होते. सगळं सांगितलं, आणि आवाज किती मोठा झालाय ते त्यांना कळत नव्हतं, कारण पडदा बाजूला करून मालतीबाई एकदा डोकावून गेल्या.

सोनालीनं सगळं ऐकून घेतलं. साडीची एक घडी उलगडली, परत घातली.

"मग छान कशाला म्हणालात?"

सरांनी गुडघ्यावरचं बोट उचललं.

"ओळी विसरले मी, सर," ती म्हणाली. आता हळू बोलत होती, ओठ मोठे करून, योगेश बोलला होता तसं. "तुमच्याकडे ठेवल्या म्हणून विसरले. घरी बाक नव्हते. पण त्यात काय होतं ते विसरले नाही. शेवटच्या बाकावर मी तुम्हाला एक विचारलं होतं. तुम्ही छान म्हणालात. मी घरी गेले आणि आईला लग्नासाठी हो सांगितलं."

"काय विचारलं होतंस?"

पडदा हलला. मालतीबाई ट्रे घेऊन आल्या, तीन कप, बशीत टोस्ट. त्या हसून काहीतरी बोलल्या, सरांनी ते वाचलं नाही. त्यांची नजर सोनालीच्या तोंडावर होती.

सोनालीनं मान खाली घातली. पार खाली, साडीच्या ढिगावर. वेणी पुढे आली. कात्री थांबली होती आणि खांदे हलत होते. एक, दोन वाक्यं असतील. ती बोलत होती. सरांना आता ऐकू येत नाही हे पक्कं माहीत असताना, मान खाली घालून, साडीशी बोलत होती. मालतीबाईंच्या हातातला ट्रे जरा वेळ तसाच राहिला. त्यांचं हसू गेलं. त्यांनी ऐकलं होतं. मग त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि कप सरांपुढे सरकवला.

सरांनी चहा घेतला. तो गरम होता एवढं त्यांना आठवतं.

निघताना दारात त्यांनी मालतीबाईंना विचारलं, "काय म्हणाली ती?"

मालतीबाईंनी पदर तोंडावर धरला. त्यामागून बोलल्या असतील तर बोलल्या असतील. पदराला ओठ नसतात.

पुढच्या रविवारी सरांनी भूपेंद्रभाईंना स्वतःच सांगितलं की मला ऐकू येत नाही, वर्ग बंद करा. भूपेंद्रभाई म्हणाले, "मास्तर, मंडळात सगळ्यांना खबर होती. तुम्हाला वाईट नको वाटायला म्हणून." त्यांनी सरांना मंडळाची शालसुद्धा दिली. हॉलमध्ये कॉम्प्युटर आले. पोरं खूप येतात, बाहेर चपलांचा ढीग असतो.

आता सरांकडे घरी दोन मुली येतात. सर त्यांना पहिल्याच दिवशी वही घ्यायला सांगतात. लिहा, म्हणतात, जे सुचेल ते लिहा, माझ्याकडे ठेवू नका, कुणाकडेच ठेवू नका. मुली लिहितात. सर वहीतून वाचतात आणि जे छान नसेल त्याला छान म्हणत नाहीत. एक मुलगी त्यामुळे येईनाशी झाली होती, मग परत आली. तिला शाळेच्या मासिकात कविता द्यायची आहे.

सोनालीच्या एकतीस कविता त्यांनी एका वहीत उतरवल्या. बत्तिसाव्या पानावर मार्गशीर्षातल्या त्या रविवारची तारीख घातली. खाली काही नाही. वही मंदाबाईंच्या हाती कडोदऱ्याला पाठवली. पोचली असं कळलं. पुढे काही कळलं नाही.

आठ बाक हॉलच्या गच्चीवर आहेत, एकावर एक, पाय वर करून रचलेले. त्यांच्यावर नंबर नव्हते कधीच, त्यामुळे आता पहिला कुठला आणि आठवा कुठला हे सांगता येत नाही. सुपडूसर रविवारी सकाळी गच्चीवर जातात. वॉचमन हटकत नाही. हटकलं तरी उपयोग नाही हे त्याला माहीत आहे. ते एकेका बाकावर तळवा ठेवतात, त्याच्या खालच्या बाजूला, जिथे पोरांनी कर्कटकानं नावं कोरली आहेत. खालून रिक्षा जातात, कुठल्यातरी खात्यात लूम चालत असतील.

शोभाबाई म्हणतात, सोडून द्या. सरांनी सगळं सोडलं, कवितासुद्धा सोडली. वर्ग गेला त्याचं त्यांना काही नाही. दुनिया हसली त्याचंही नाही. त्यांना फक्त एवढं हवं आहे, कुणीतरी, सोनालीनं, मालतीबाईंनी, कुणीही, समोर उभं राहून, ओठ मोठे करून, एकदा सांगावं: त्या रविवारी आठव्या बाकावर दोन्ही हात ठेवून त्या पोरीनं त्यांना काय विचारलं होतं?